एक जण बसून राहतो

मी तळघरातला माणूस.
ओसियेकच्या त्या पिवळ्या इमारतीत
चौसष्ट यंत्रांचा ताप बघणं, धूळ पुसणं,
रात्री-बेरात्री एखादं बेशुद्ध पडलं तर उठवणं, एवढं माझं काम.
तिहाना तिसऱ्या मजल्यावर.
तिला मी ओळखायचो ते तिच्या नोंदींवरून:
दोन वाजून दहाला सुरू, दोन अकराला ठप्प.
पुन्हा सुरू. पुन्हा ठप्प.
इतक्या रात्री कुणी रडतंय की आकडे मांडतंय,
खालून सारखंच दिसतं.

एकदा ती खाली आली, हातात अक्रोडांची पिशवी.
म्हणाली, तुझी यंत्रं ताटकळलीत, द्राजेन.
हा त्याच्यासाठी थांबलाय, तो ह्याच्यासाठी,
दोघंही दारात उभे:
आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही.
मी हसलो. ती नाही हसली.

मग फरशीवर आठ अक्रोड मांडले.
एकेक अक्रोड म्हणजे लाखभर आकड्यांचा उभा स्तंभ.
दोघांना समोरासमोर बसवायचं,
थोडं वळवायचं, इतकंच,
की त्यांचं आपसातलं देणंघेणं शून्यावर यावं.
प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडली पाहिजे
आणि एका वेळी चार जोड्या,
कुणी रिकामं बसता कामा नये.

हे म्हणे तिला बाबांकडून आलं.
द्रावाकाठी वखारीच्या माडीवर बुद्धिबळाचा क्लब होता,
ते तिथले पंच.
सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर जोड्या लावायचे:
एकाला खुर्चीत तसंच ठेवा,
बाकीच्यांनी एकेक जागा सरका.
सात फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळून मोकळे.
तोफांच्या हिवाळ्यात डाव तळघरात आले.
पाचच जण उरले,
तेव्हा सहावी खुर्ची मांडली, रिकामी.
तिच्याशी ज्याची गाठ पडेल
त्याने त्या फेरीत नुसतं बसायचं.

आणि एकदा शून्य झालं की शून्यच ना?
मी विचारलं.
नाही, ती म्हणाली.
पुढची जोडी वळवली की मागचं बिघडतं,
बारीकसं काहीतरी परत उगवतं.
पण बेरीज घटत जाते.
कुठलंही एक तण मरत नाही कायमचं,
शेत मात्र स्वच्छ होत जातं.
हे सिद्ध झालंय, असं तिने दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.

नोव्हेंबरात द्रावेवरून धुकं चढलं त्या रात्री
ती बाबांनाच घेऊन आली.
बाई सुट्टीवर, घरी कुणी नाही.
माझ्या खुर्चीत ओव्हरकोटासकट बसले ते,
पंख्यांचा आवाज ऐकत,
जणू बाहेर कुणाचीतरी गाडी यायचीय.
तिला विचारलं: तुम्ही कोण?
तिने नाव सांगितलं.
थोड्या वेळाने परत: तुम्ही कोण?
तिने परत सांगितलं, त्याच आवाजात,
जसं पहिल्यांदाच कुणी विचारलंय.

ती फरशीवर बसून फेरी सरकवत होती, एक, दोन,
आणि तिसऱ्या फेरीला तिचा हात
कोपऱ्यातल्या अक्रोडाकडेही गेला.
म्हातारा वाकला, गुडघे कडकडले,
त्याने त्या अक्रोडावर बोट ठेवलं.
दाबून.
हा नाही.
एवढंच बोलला.

ती कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.
मग धावत वर गेली. आज्ञावलीत कुठेतरी
तिसऱ्या फेरीपासून तो बसलेलाही चालायला लागत होता,
असं नंतर कळलं मला, जेवढं कळायचं तेवढं.

इकडे त्यांनी तोच अक्रोड उचलला,
माझ्या पान्याने फोडला आणि खाल्ला.
अर्धा मला दिला. जरा कडू होता.
मी तिथे माझा लायटर ठेवला.

चार सतराला काम सुरू झालं.
चार अठरा. चार एकोणीस.
चौसष्टच्या चौसष्ट पंखे एका सुरात चढले
आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले,
कितवी फेरी?
मला काय ठाऊक. चौथी, म्हणालो.
मग काळी मोहरी कुणाकडे?
वरून जिन्यावर पावलं वाजत होती.