खडा

तोर्शहाव्नच्या इस्पितळात रात्री अडीचला
हेमिंगुर आला, दोन्ही हात जांघेत दाबून.
चाळीस वर्षं कॉड सोललेला माणूस,
डॉक्टर बाई आहे कळल्यावर
भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
“खाली. डावीकडे. पुढचं विचारू नका.”

सुन्नेवानं विचारलं नाही.
पाठीत, बरगडीखाली, मुठीनं हलकेच ठोकलं
तसा तो गुरासारखा ओरडला.

मग एक्स-रेच्या पाकिटावर तिनं पेन चालवलं:
मूत्रपिंडं, त्यांच्या बारीक नळ्या,
मूत्राशय, त्याच्या गळ्याशी प्रोस्टेटची सुपारी,
आणि पार तळाला, थैलीत, वृषण.

“तुम्ही जन्मायच्या आधी
हे दोघे शेजारी होते. इथं, वर.
मग वृषण उतरलं, गारव्याच्या शोधात,
महिनोन्‌महिने, पोटातून वाट काढत.
धमनी मात्र तिथलीच ठेवली, संवेदनाही.
माहेर तुटत नाही.
खडा वरच्या आळीत अडकलाय,
बोंब खालच्या आळीत.”

हेमिंगुर बघत राहिला.
डेन्मार्कला गेलेला भाऊ आठवला असेल,
किंवा नसेल; इंजेक्शन चढत होतं.

दुसऱ्या दुपारी चाळणीत टक्‌ झालं.
तांदळाच्या कणीएवढा, करडा, काटेरी.
शेवटची वीतभर वाट तीच,
जिथून कधीकाळी
त्याच्या तीन मुली निघाल्या होत्या
डोळ्यांना न दिसण्याइतक्या लहान.

त्यानं तो काडेपेटीत ठेवला.
कानाशी धरून हलवला.
“एवढाच?” म्हणाला,
आणि मग, जरा रागानंच,
“एवढाच!”