मधे कोरा खिळा नाही

गोखले रोडच्या दुकानात दोन यंत्रं काउंटरवर मांडली,
चपटी, काळी, कंपासपेटीएवढी उंच.
एकाला इंटरनेटची वायर लागते,
दुसरं हवेतून ओढून घेतं.
पोरगा म्हणाला, काका, डिस्क आता कोण लावतं?
काडी घ्या, टीव्हीच्या पाठीत खुपसा, विषय संपला.
मी म्हटलं, मला तोंड उघडणारं यंत्र हवंय.

त्याला शालन माहीत नाही.
एकशे बारा डिस्का आहेत तिच्याकडे,
स्टेशनच्या पुलाखालून आणलेल्या, तीसला एक, पन्नासला दोन,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
दोन डिस्कांमधे वर्तमानपत्राचा एकेक चौकोन.
टाकून देऊ म्हटलं की ती जेवत नाही.

वायरवालं अकराशेनं स्वस्त.
पण राउटर आतल्या खोलीत,
वायर काढायची तर देव्हाऱ्यासमोरून
नाहीतर मोरीच्या चौकटीवरून.
उभ्याउभ्या घराचा नकाशा काढला जुन्या बिलामागे
आणि हवेवरचं घेतलं.
टीव्हीला जोडायची केबल खोक्यात नव्हती.
ती वेगळी. तीनशे वीस.
ती नेहमी वेगळीच असते.

वर्तकनगरला घरी पोचेपर्यंत सात वाजले.
टीव्हीच्या पाठीमागे हात घातला, दातांत टॉर्च.
शालन म्हणाली, दिसतंय का काही?
धूळ, म्हणालो. टॉर्चमुळे ते तिला कळलं नसावं.
दुसऱ्या भोकात केबल बसली
आणि पडदा निळा झाला.

मग आली अक्षरं.
ओळीनं, चौकोनाचौकोनांत.
मी खाली बसलो.
उथळसरला एकतीस वर्षं खिळे जुळवले मी,
समोर केस, डाव्या हातात स्टिक,
लाइट गेली तरी ळ कुठल्या घरात ते बोटाला ठाऊक.
आणि इथे बाणाचं बटण दाबत
एका घरातून दुसऱ्या घरात चालत जायचं,
पाहुण्यासारखं.

केतकीला ऐरोलीला फोन लावला.
वायफाय तिनंच बसवलेलं, गेल्या दिवाळीत.
बाबा, सगळी छोटी अक्षरं हं, इंग्रजी.
सुयोगमुद्रणालय.
मधे जागा नाही.

मधे कोरा खिळा नाही, मी म्हटलं.
काय?
काही नाही. हे नाव कसं सुचलं तुला?
अहो, तुमच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर तर
सगळी गणितं केली मी.
पान उलटलं की तेच छापलेलं असायचं.

प्रेस होती तिथे आता केक मिळतात.
मी एसवरून निघालो.
यूपर्यंत दोन उड्या, वायपर्यंत चार.
पण एक अक्षर टाकलं की त्याचा ठिपका होतो!
प्रूफ दिसतच नाही.
प्रूफ न बघता आजवर मी
साधं हळदीकुंकवाचं कार्डसुद्धा सोडलं नव्हतं.
पहिल्यांदा चुकलं.
दुसऱ्यांदा डोळे मिटून टाकलं,
तेव्हा बरोबर आलं.

सिनेमांच्या रांगाच्या रांगा उघडल्या,
चकचकीत, न संपणाऱ्या.
शालननं त्या थोडा वेळ बघितल्या,
बाजारात भाव विचारून पुढे जावं तशा.
मग डबा घेऊन आली.

तिनं काढलेली डिस्क पदरानं पुसून माझ्याकडे दिली.
तिच्या पाठीत मला माझं तोंड दिसलं, उलटं,
आणि ट्यूबलाइट, इंद्रधनुष्य झालेली.
उलटं वाचायची सवय आहे मला.
यंत्रानं जीभ बाहेर काढली, आत घेतली,
आत कुठेतरी किरकिरलं,
कपाळावर हिरवी अक्षरं आली : रीडिंग.
आवडलं मला ते. वाचतंय म्हणे.

चाळीसाव्या मिनिटाला हिरोईन जिन्यावर थांबली
ती थांबलीच, अर्ध्या चेहऱ्याचे चौकोन होऊन.
मी रिमोट शोधायला लागलो.
राहू दे, शालन म्हणाली, इथे नेहमीच अडकते ती.
आणि पुढचं सगळं तिनं सांगितलं,
संवादांसकट, कोर्टाच्या सीनमधे हात उगारून.
दोन-तीन ठिकाणी चुकली.
मी दुरुस्त्या काढल्या नाहीत.