चौथं चाक

सातपूरच्या प्लेटिंग खात्यात
एकतीस वर्षं मी एकच गोष्ट पाहिली:
लोखंडावर चढलेलं पुन्हा निघू नये.
क्रोमवर चिकटपट्टी दाबायची, खसकन ओढायची,
पट्टीला चकाकी लागली
की अख्खी बॅच परत.
सुटलेला थर म्हणजे रिजेक्शन.
एवढंच शास्त्र मला येतं.

आणि मार्गशीर्षातल्या एका रविवारी
पाथर्डी फाट्याला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये
हर्षाली आठ डबे मांडून म्हणते,
पप्पा, हा रबराचा रंग,
नको झाला की सोलून टाकायचा.

सोलायचाच, तर लावायचा कशाला?
ती काही बोलली नाही.
आऱ्यांत बसलेली ब्रेकची काळी पूड
दात घासायच्या ब्रशनं काढत राहिली.

थंडी फार. डब्यातला रंग फुटेना,
म्हणून डबे कोमट पाण्यात बुडवले, घंगाळात.
घंगाळ नवंच होतं.
हळदीसाठी घेतलेलं.

मग पत्रिकांचा गठ्ठा खाली आला.
दोनशे ऐंशी उरल्या होत्या.
ज्या वीस वाटल्या, त्या घरांना
फोन मीच केले होते.
टायर आणि रिमच्या फटीत
तिनं एकेक पत्रिका खोचली, गोल,
रंग टायरवर उडू नये म्हणून.
जाड कागद, बारा रुपयांना एक,
मी निवडलेला.

पहिला हात: नुसतं धुकं, खालून चांदी दिसते.
वीस मिनिटं थांबायचं.
दुसरा. थांबायचं. तिसरा.
काळे तुषार ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’वर,
मग ‘चि. सौ. कां.’वर,
मग शेजारच्या नावावर.
सहाव्या हातानंतर
‘अगत्य येण्याचे करावे’ तेवढं
एका कोपऱ्यात वाचता येत होतं.
खिडक्यांच्या क्रोम पट्ट्याही तिनं काळ्या केल्या.
मी तिकडे बघितलं नाही. क्रोम होता तो.

चौथं चाक तिनं मला दिलं. मागचं, डावं.
मी हात आखडूनच मारला.
जन्माची सवय, थर पातळ तर माल वाचतो.
तीन हात. बस झाले.
अर्धा डबा हलवून दाखवला तिला,
बघ, किती उरला.

त्या दिवसांत तिच्याशी मी बोललो
तेही एवढंच.
होतं असं.
विसर आता.
जेवून घे.

वर्ष गेलं.
काळ्या चाकांवर ती एकटी सिन्नरला गेली,
घोटीला गेली, एकदा थेट धुळ्याला, मावशीकडे.
वाटेत कुठे थांबलीस, विचारलं नाही.

आज पुन्हा पार्किंग.
रिमच्या कडेला तिनं नख लावलं
आणि दुधावरची साय उचलावी तसा थर उठला,
अख्खा, पाच आऱ्यांचा, लोंबता.
वॉचमनचा पोरगा तो डोक्यावर घालून
जिन्याखाली भूत झाला.
ती हसली. मोठ्यानं.
दुसरं निघालं. तिसरं निघालं.
पट्ट्या तर साप सरकावा तशा सरकन.
खाली सगळं होतं तसं, ओरखडासुद्धा नाही.

चौथं निघेना.
नखाएवढे कपचे, नुसता चुरा.
पातळ लावला की असंच होतं, पप्पा,
ती सहज म्हणाली,
जाड असला तरच सुटतो.

मी पेट्रोलचा बोळा घेऊन उकिडवा बसलो.
बोटं काळी, रिम चिकट.
गुडघा दुखायला लागला.
थोड्या वेळानं तीही शेजारी बसली,
दुसरा बोळा घेऊन,
नटांच्या भोकांतलं कोरत.
राहू दे, म्हणाली नाही.

ती पाणी आणायला वर गेली तेव्हा
मी खिशातली चिकटपट्टी काढली,
उरलेल्या काळ्यावर अंगठ्यानं दाबली,
खसकन ओढली.

पट्टी कोरी.

आमच्या खात्यात
हे चाक पास झालं असतं.