डावललेला

ऑगस्टमध्ये उजवा खांदा फाटला.
गोळा सुटता सुटता आवाज आला तो
कापडाच्या दुकानात येतो तसा.
पन्नाशीपुढच्या गटात रौप्य होतं माझं,
सोनं अकरा सेंटीमीटर लांब.

शेफाली मॅडम म्हणाल्या, सहा महिने गोळा नाही.
मी विचारलं, आणि पाय?
त्या हसल्या. पायांना काय झालंय?

म्हणून कोपरखैरणेच्या निसर्ग उद्यानात
पहाटे साडेपाचला मी,
हात ऋजुताच्या जुन्या ओढणीच्या झोळीत,
चढावर उलटी चालते.
पूर्वी इथे कचऱ्याचा डोंगर होता,
रिक्षातून जाताना आम्ही नाक धरायचो.
आता त्याच्या पाठीवर बांबू वाढलेत.
कट्ट्यावरून इंगवलेकाका रोज सांगतात,
आराम करा हो ताई.
मी त्यांच्याच समोर
बसते, उठते, बसते, उठते,
वीस होईपर्यंत.

घरी ओट्याशेजारच्या भिंतीवर
बोटं मुंगीसारखी वर चढवायची,
थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ.
बाजूला ऋजुताच्या उंचीच्या रेघा आहेतच,
बालवाडीपासूनच्या.
मंगळवारी माझी बोटं चौथीत गेली.
कालपासून पुन्हा तिसरीत.

आणि डावा.
त्याला मी कधी काही दिलंच नाही.
प्रसाद नाही, सही नाही,
लग्नात आहेराचं पाकीटसुद्धा
आधी उजव्यात घेऊन मग पुढे केलं.
भाषेनंही ठरवूनच टाकलेलं,
सरस ते उजवं,
बाजूला सारणं म्हणजे डावलणं.

आता तो भाकरी थापतो,
एका कडेला जाड, एका कडेला पापड.
तुर्भ्याच्या कांदा बाजारात
पावतीवरची सही बघून महाडिकशेठ म्हणतात,
आज नातीला पाठवलंत का?

रविवारी मैदान रिकामं होतं.
शाळेतून मागून आणलेला दोन किलोचा गोळा
डाव्या बाजूनं मानेला लावला.
थंड लागला,
त्या कातडीची त्याच्याशी ओळखच नव्हती.
पाय सवयीनं उजवीकडचं वळण घ्यायला गेले,
मध्येच थबकले,
एकमेकांना विचारून फिरले.
धप्प.

टेप धरायला कुणी नव्हतं,
एक टोक चपलेखाली दाबलं.
तीन मीटर दहा.

वहीत त्याच हातानं लिहिलं.
तीन उलटा उमटला,
सहा दिसतोय.
खोडरबर उजव्याच्या सवयीचं,
म्हणून राहू दिलाय.