सातच्या बातम्यांआधी एक पक्षी

पहाटे साडेचार. आधी रेडिओ, मग दिवे,
असा नोलीनबाईंचा क्रम.
गाईंना माणसाचा आवाज लागतो म्हणे,
नाहीतर पान्हा चोरतात.
म्हणून तुळईला तारेने बांधलेला, शेणाच्या शिंतोड्यांनी ठिपक्यांचा झालेला
हा डबा
चारशे गाईंना जगाची खबर देत बसतो:
व्याजदर, परिचारिकांचा संप,
कुठल्याशा अहवालावर मागवलेला दुसरा अहवाल.
गाई रवंथ करतात.
इतकं शांतपणे ऐकून घेणारं
मला माणसांत कुणी भेटलेलं नाही.

मी रोदेल. इलोइलोचा.
साउथलंडमधला हा सातवा हिवाळा.
माझी इंग्रजी या डब्यातूनच आली, त्यामुळे
दुकानात पाव मागतो तोही
ठळक बातमी दिल्यासारखा.

सातला मिनिटभर कमी असताना
बाई हात वर करतात. गप्प.
इथल्या सार्वजनिक रेडिओवर बातम्यांआधी एक पक्षी असतो.
नुसता आवाज. रोज निराळा.
आज मोहुआ.
"हा आमच्या खोऱ्यात होता," बाई म्हणाल्या,
"आजोबा शीळ घालायचे, तर हा उलटून बोलायचा."
आता तो इथे
वर्षातून एखाददा येतो, तुळईवरच्या डब्यात,
वीसेक सेकंद.

मग टुण् टुण् टुण्,
आणि आमचा ओढा.

गेल्या मंगळवारी ती पत्रकार पोरगी आली होती.
बूट दारात काढले, मोजे तरी ओलेच.
चाळीस मिनिटं स्वयंपाकघरात. चहा मी केला.
बाईंनी काही हातचं राखलं नाही.
पाण्यातलं नायट्रेट. ओढ्यापासून मागे घेतलेलं कुंपण,
तेही पुरेसं मागे नाही.
खालच्या अंगाच्या मेरेआना आजी
नातवाच्या बाटलीत आता विकतचं पाणी भरतात, हेसुद्धा.
मध्येच एकदा गप्प झाल्या.
तेव्हा फ्रिजची घरघर तेवढी
ध्वनिमुद्रित झाली असेल.

रेडिओवर अकरा सेकंद. मी मोजले.
"ओढा आमच्यामुळे बिघडला, मला ठाऊक आहे."
इथे बाई "पण" म्हणाल्या होत्या.
मी होतो ना तिथे, हातात किटली घेऊन.
पण "पण" गेला.
नंतर मंत्री, नंतर कुणी प्राध्यापक, पुन्हा मंत्री.
मंत्र्यांचा खोकला मात्र सबंध.

बाईंनी दोनशे सतराच्या कासेला नळ्या लावल्या.
निसटल्या. परत लावल्या.
"बरं झालं," म्हणाल्या.
कापलं ते की बोलल्या ते, मी विचारलं नाही.
दोन गाई पुढे सरकल्यावर म्हणाल्या,
"त्या 'पण'च्या पुढे मी काय बोलले होते रे?"
मी आठवून पाहिलं. बरंच होतं.
दुधाचा भाव होता, बँक होती,
वडिलांच्या काळी कुणी सांगितलं नव्हतं, हे होतं.
खोटं त्यात काहीच नव्हतं.
"आठवत नाही," मी म्हणालो.
त्यांनी मान हलवली,
जणू बरोबर उत्तर आलं.

जगाच्या बातम्या शेवटी, रग्बीच्या जरा आधी.
फिलिपिन्सच्या मध्यभागाकडे वादळ सरकतंय.
निवेदकाने माझ्या गावाचं नाव असं काही उच्चारलं
की ते माझंच आहे
हे कळायला मला एक अख्खा श्वास लागला.
तोवर वाक्य संपलं होतं.

बाईंनी पंप बंद केला.
सात वर्षांत धारा अर्ध्यावर असताना
असं कधी झालं नव्हतं.
"लाव फोन."
तिकडे रात्रीचे तीन.
वाजतोय.
फिरता चौथरा थांबलेला,
चाळीस गाई त्यावर माना वळवून उभ्या.
डब्यात कुणीतरी कुणाला तरी
किती गुणांनी हरवल्याचं सांगतंय,
आणि फोन वाजतोय.