आधी कोण

मुरगावच्या धक्क्याला जहाज टेकलं सात-चाळीसला.
जिना लागला. जिन्याच्या तोंडाशी मी,
हातात कार्ड वाचायचं यंत्र,
छातीवर नाव: बाबुसो.

रांगा दोन.
एकीच्या पायांखाली निळा गालिचा,
तो रोज पहाटे मीच अंथरतो.
दुसरीच्या पायांखाली लोखंड.
मनगटावर सोनेरी पट्टा असला की यंत्र गोड किणकिणतं,
साधं कार्ड असलं की नुसतं खाकरतं.
पट्ट्याचे सहा हजार. माणशी. कर वेगळा.

साध्या रांगेत चौथे हेब्बाळे,
गडहिंग्लजचे, पोस्टातून निवृत्त,
सहापासून उभे.
शेजारी बाई. त्यांच्याही पायाला पट्टा,
काळा, औषधाच्या दुकानातला, गुडघ्यावर करकचून.
तो यंत्राला वाचता येत नाही.

तासभर चौथा नंबर चौथाच.
मागून येत राहिले, न्याहारी उरकून, ओल्या केसांनी,
घड्याळ दाखवावं तसं मनगट दाखवत.
पलीकडच्या ढिगाऱ्यावरून कोळशाची भुकटी उडाली
ती मात्र आधी त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्यांवर बसली.
मी हसलो नाही. हसण्याचा पगार वेगळा मिळतो,
तो सगळ्यांकडे बघून सारखाच हसण्याचा.

वाटलं, आता हेब्बाळे भांडणार.
भांडणारे मला बरे वाटतात,
त्यांना साहेबाकडे धाडता येतं.
हेब्बाळे म्हणाले, "चालायचंच.
आम्हीही देवळात दोनशेची पावती फाडून
आत शिरलोय. मागं एक बाई होती,
कडेवर तापानं फणफणलेलं पोर.
तिनं जागा दिली नव्हती. मी घेतली.
पोस्टात मात्र तीस वर्षं
खिडकीवर कुणाला पुढं घेतलं नाही.
तार असली तरच."
"तारेचे पैसे जास्त पडायचे की," बाई म्हणाल्या.
"हो. पण तार बहुतेक वाईट बातमीची असायची."

यावर काय बोलणार?
मला बांबोळी आठवलं.
आईचा नंबर एकसष्ट होता.
जहाजावरच्या दुकानातली अत्तराची बाटली
कारकुनाच्या खणात गेली
आणि एकसष्टाचा नऊ झाला.
मधल्या बावन्न माणसांपैकी एक पेडण्याकडचा,
फाईल पोटाशी धरून बसलेला.
मी त्याच्याकडे पाहिलं नाही.
म्हणूनच की काय, अजून दिसतो.

धक्क्यावरून वर बघितलं की सडा दिसतो,
सड्यावर आमचं घर, घरावर काळी टाकी,
टाकीवर पिवळा टॉवेल.
सुलक्षाची खूण:
पोर आज शाळेत गेलेलं नाही, वाट बघतंय.
पाच महिन्यांनी घर समोर आलंय,
हाक मारली तर ऐकू जाईल इतकं नाही,
पण आरसा चमकवला तर दिसेल इतकं.

"तुझा नंबर कधी रे?" बाईंनी विचारलं.
"शेवटी. सगळे उतरले की, साहेब सोडला तर.
पाचला जहाज सुटतं."

हेब्बाळ्यांनी चष्मा पुसला,
सड्याकडे बघितलं, घरं मोजली.
"टाकीवाली सगळीच आहेत. पत्ता सांग नीट.
जाऊन निरोप देतो."
"तुमची बस आहे ना, जुन्या गोव्याला?"
"पत्ता सांग."
मी सांगितला. कपेलाच्या पाठीमागे, आंब्याकडून डावीकडे.
त्यांनी तो कार्डाच्या पाठीवर लिहिला,
पिन कोडसकट.
"आणि काय कळवू?"
सुचेना.
"सांगा, टॉवेल दिसला."

गालिचा रिकामा झाला. यंत्र दोनदा खाकरलं.
ती दोघं उतरली, ती आधी डावा पाय टाकत,
तो तिच्या कोपराशी.

सड्याचा चढ वाईट आहे.
रिक्षावाले परक्यांना दुप्पट सांगतात.
ते बसमध्ये बसले की वर गेले, मला ठाऊक नाही.
माझ्याकडे मग दुसऱ्या दाराची ड्यूटी आली.

अकराच्या सुमाराला बघितलं
तर टाकीवर टॉवेल नव्हता.
वाराही होता तसा.