वागे छे

धवलनं गिटार आणली जुन्या चादरीत गुंडाळून,
ॲक्टिवावर, दोन पायांमध्ये उभी धरून,
गॅसचं सिलिंडर नेतात तशी.
पाठीवर स्टिकर अजून तसंच: चार हजार सातशे, करांसहित.
म्हणाला, कुंदाबेन, वागती नथी.
मग डावा तळहात पुढे केला: वागे छे.

सगळा जन्म बडोद्यात गेला, तरी त्या दिवशी लक्षात आलं,
या भाषेत वाजणं आणि लागणं
एकाच शब्दावर भागवतात.
माझ्या मराठी कानानं ऐकलं ते तिसरंच:
पोरगी नीट वागत नाही.

धवल माझ्या लॅबमधल्या कवळ्या पोचवतो,
दांडिया बाजारातून पार मांजलपूरपर्यंत.
आठ डॉक्टर, आठ डबे,
कधी याचा त्याला.
मला सुरातलं काही कळत नाही.
पण दांडीच्या कडेवरून बोट फिरवलं
आणि पडद्यांची टोकं खर्रकन लागली,
तेव्हा ओळख पटली: घाईत घासलेली कवळी.
कुठल्याशा कारखान्यात, सुटी व्हायच्या पाच मिनिटं आधी,
कुणीतरी शेवटचा नग हातावेगळा केलाय.
त्याचा राग आला नाही. मीही केलेत.

रात्री शटर अर्धं ओढून बसलो.
दांडीला बाक आला होता.
ॲलन चावीचा पाव फेरा, आणि थांब.
अजून थोडं, बेन?
थांब म्हटलं ना.
लाकूड आहे ते, उद्या सकाळी उत्तर देईल.
गरम असतानाच साच्यातून काढलेली कवळी
आयुष्यभर वाकडी हसते.

दुसऱ्या रात्री निळा कागद काढला,
डॉक्टर दातांखाली धरायला देतात तो,
चावा कुठे जास्त बसतो ते दाखवणारा.
पडद्यांवर कागद, त्यावरून पोलादी पट्टी.
सातवा निळा. नववा जरासा. तेरावा निळाशार.
सातवा उतरवला, तर आठवा कुरकुरला.
मला त्याचं नवल नाही.
एका मिस्त्रीकाकांची कवळी आठ वेळा परत आली होती,
इथे टोचते, आता तिथे टोचते.
नवव्यांदा नुसती चिठ्ठी आली:
राहू द्या. बायको गेली.
एकट्यानं खायचं त्याला कसले दात.

चूक माझ्याही हातून झाली.
तारा जिथून डोक्याकडे जातात
त्या पांढऱ्या पट्टीतली एक खाच खोल गेली,
आणि जाडी तार मोकळी सोडली तरी खरखरू लागली.
धवल काही बोलला नाही.
ते जास्त वाग्युं.
मग चिमूटभर पावडर, वर लिक्विडचे दोन थेंब,
खाच बुजवली, कडक झाल्यावर पुन्हा कोरली,
श्वास धरून, केसाएवढी.
आता त्या पांढऱ्यात एक ठिपका आहे
हिरडीच्या रंगाचा.
अशी गिटार दुसरी कुणाकडे असेलसं वाटत नाही.

शनिवारी तो कुणाचा तरी उसना स्पीकर घेऊन आला.
वायर खुपसली,
आणि वाजवायच्या आधीच घूंऽऽ
सगळ्या लॅबभर, शेल्फावरच्या प्लास्टरच्या जबड्यांतून.
एवढं घासून, एवढं मोजून, हे राहिलंच.
मी तारांवर हात टेकला.
बंद.
उचलला. पुन्हा घूंऽऽ.
धवल हसला: आतलं अर्थिंग कच्चं आहे, बेन,
माणसाचा हात लागला की गप्प होते.

तीस वर्षं छोट्या मोटरवर दात घासून
माझ्या उजव्या कानात असंच काहीतरी राहायला आलंय,
रात्री पंखा बंद केला की जास्तच.
ते मी त्याला सांगितलं नाही.
हात ठेवून बसले.
तारा थंड होत्या, सहाही सरळ,
कुठेच टोचत नव्हत्या.

बेन, तो म्हणाला,
हात काढा ना. वाजवायचंय.
काढते रे, म्हटलं.